विजासनचे लेणे आणि लोकमानसातील भुयार

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत भुयाराची कथा नाही असे जुने गाव क्वचितच सापडेल. चंद्रपूरच्या परकोटातून निघणारे भुयार बल्लारपूरच्या किल्ल्यात उघडते, असे सांगतात. भांदकच्या विजासन टेकडीतील गुंफा आतल्या आत चंद्रपूरपर्यंत जाते, असेही सांगतात. सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे हे अंतर वाढत जाते आणि काही कथांत ते थेट नागपूरपर्यंत पोहोचते. या सर्व कथांचा शेवट मात्र ठराविक असतो. आत गेलेली वरात परत आली नाही, आत सोडलेली शेळी तिसऱ्या दिवशी दूरच्या गावी निघाली, सरकारने तोंड बुजवून टाकले आणि आता आत जाण्यास मनाई आहे.

या कथांकडे केवळ करमणूक म्हणून पाहता आले असते तर प्रस्तुत लेखाचे प्रयोजन उरले नसते. परंतु विजासनच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. तेथे एक खरीखुरी बौद्ध वास्तू डोंगराच्या पोटात आहे आणि ती 'भुयार' म्हणूनच अनेकांस ठाऊक आहे. एखाद्या वास्तूला काय म्हणावे यावर तिच्याशी कसे वागावे हे ठरते. भुयार म्हटले की माणूस त्याचे दुसरे टोक शोधू लागतो, भिंती ठोकून पाहतो, गुप्तधनाचा विचार करतो. लेणे म्हटले की तो पादत्राणे काढतो. आपल्या बांधवांतही अलीकडे विजासनविषयी जे सांगितले व छापले जाते त्यात या दोन्ही वृत्तींची सरमिसळ आम्हांस दिसते. म्हणून शब्दांपासून आरंभ करणे बरे.

'लेणे' हा शब्द पाली 'लेण' या शब्दाचा सरळ वारस आहे. संस्कृतात त्याचे रूप 'लयन' असे होते. ज्यात लीन व्हावे, आश्रय घ्यावा ते लेण. पश्चिम महाराष्ट्रातील सातवाहनकालीन दानलेखांत हाच शब्द कोरलेला आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात भगवंतांनी भिक्खूंना पाच प्रकारच्या लेणांची अनुज्ञा दिली आहे: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. त्यापूर्वी भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात, गवताच्या गंजीवर रात्र काढीत असत. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधून आगत-अनागत चातुर्दिश संघास दिले, तो प्रसंग याच प्रकरणात येतो. म्हणजे आज आपण 'लेणे' या शब्दाने केवळ कातळात कोरलेली वास्तू समजतो. मूळ पालीत त्याचा अर्थ पुष्कळ व्यापक होता आणि गुहा हा त्याचा एक प्रकार होता. एवढेच नव्हे, तर संयुत्तनिकायाच्या असंखतसंयुत्तात निब्बाणाला जी अनेक नावे दिली आहेत त्यांत दीप, ताण, सरण यांच्याबरोबर 'लेण' हेही एक नाव आहे. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल?

'सुरुंग' हा शब्द निराळ्या कुळातला. संस्कृत 'सुरुङ्गा' हा ग्रीक 'सिरिंक्स' या शब्दावरून आला असे बहुतेक भाषाविदांचे मत आहे. तो कौटिलीय अर्थशास्त्रात येतो, आणि तो येतो तो वेढ्याच्या, पलायनाच्या, कपटाच्या संदर्भात. पालीत भुयारासाठी जो शब्द प्रसिद्ध आहे तो 'उम्मग्ग'. हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. उत् आणि मग्ग, म्हणजे मार्ग, अशी त्याची फोड. एका अर्थाने तो जमिनीखालचा मार्ग किंवा पाण्याचा भूमिगत प्रवाह. दुसऱ्या अर्थाने तो आडमार्ग, चुकीची वाट. आणि तिसऱ्या अर्थाने तो बुद्धीची झेप. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात एक भिक्खू भगवंतांना विचारतो की हे जग कोणाच्या योगाने ओढले जाते. चित्ताच्या योगाने, असे उत्तर देण्यापूर्वी भगवंत त्याच्या प्रश्नाची प्रशंसा करतात, आणि त्या प्रशंसेत त्याच्या विचारशक्तीसाठी 'उम्मग्ग' हाच शब्द योजलेला आहे. भुयार, आडवाट आणि प्रज्ञेची झेप हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. भुयारांच्या कथांबाबत आपला उम्मग्ग यांपैकी कोणता, हे ज्याने त्याने ठरवावे.

पाली वाङ्मयातील सर्वात मोठे भुयार अर्थातच महाउम्मग्ग जातकातले. जातकांच्या प्रचलित क्रमात हे ५४६वे. या कथेला भारहुतच्या शिल्पकारांनीही हात घातला आहे. तेथील एका शिल्पावर 'यवमझकिय' जातक असे नाव कोरलेले असून तो प्रसंग याच कथेतील आहे, असे विद्वानांनी ओळखले आहे. म्हणजे इसवी सनापूर्वीच ही कथा मध्य भारतात लोकप्रिय होती.

कथानक असे. मिथिलेचा राजा विदेह. त्याचा पंडित महोसध म्हणजे बोधिसत्त्व. उत्तर पंचालचा चूळनी ब्रह्मदत्त आपल्या केवट्ट नामक ब्राह्मण सल्लागाराच्या सांगण्यावरून कन्यादानाचे आमिष दाखवून विदेहाला बोलावतो आणि ठार मारण्याचा बेत करतो. महोसध पुढे जातो, आपल्या राजासाठी गंगाकाठी निवास बांधण्याची परवानगी मिळवतो आणि त्या बांधकामाच्या आडून भुयार खणतो. मोठ्या भुयाराला ८० मोठे आणि ६४ लहान दरवाजे. एक खिटी दाबली की सगळे बंद, एक दाबली की सगळे खुले. दोन्ही बाजूंना दिव्यांच्या शेकडो खोबणी, १०१ योद्ध्यांसाठी १०१ शयनकक्ष, गिलावा केलेल्या भिंतींवर चित्रे. शेवटी चूळनी राजा आणि त्याचे मांडलिक या भुयारात उभे असताना महोसध दारे मिटतो. सर्वत्र काळोख होतो आणि राजे थरथर कापतात. या क्षणी तलवार महोसधाच्या हाती आहे. तो कोणालाही मारत नाही. तो दारे उघडतो आणि शत्रूंना मित्र करून घराकडे पाठवतो.

आम्ही ही कथा एवढ्या विस्ताराने सांगितली ती तिच्या नीतीसाठी नव्हे. या कथेच्या रचनाकाराला खणण्याच्या कामाची चांगली जाण होती, आणि आपल्या आजच्या दंतकथाकारांना ती नाही, हे दाखवावयाचे आहे. भुयार खणले की माती निघते. ती टाकायची कोठे? जातकात ती नव्या नगराच्या तटबंदीत जिरवली जाते आणि गंगेत सोडली जाते. नदी गढूळ का झाली असे लोक विचारू लागतात तेव्हा महोसधाची माणसे हत्तींच्या जलक्रीडेचे निमित्त सांगतात. आता भांदक ते चंद्रपूर हे सुमारे २५ किलोमीटरांचे अंतर घ्या. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच एवढेच अरुंद भुयार धरले तरी ५०,००० घनमीटर दगडमाती बाहेर निघेल. तिचा ढीग कोठे आहे? एवढ्या लांबीत हवा खेळण्यासाठी जागोजाग वायुकूप हवेत. ते कोणत्या शेतात आहेत? वाटेतले ओढे-नाले, भूजल यांचे काय केले? दिव्याला तेल आणि फुप्फुसाला हवा लागते हे जातककाराला ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष विजासनकडे वळू. भांदक म्हणजे आजचे भद्रावती. गावाच्या नैर्ऋत्येस सुमारे दीड मैलावर ही टेकडी आहे. तिच्या पोटात एक दालनमार्ग सरळ ७१ फूट, म्हणजे सुमारे साडेएकवीस मीटर, आत जातो. त्याच्या शेवटी गर्भगृह असून तेथे आसनावर बसलेली भव्य बुद्धमूर्ती आहे. प्रवेशाजवळच या मुख्य मार्गाला काटकोनात दोन मार्ग, एक डावीकडे व एक उजवीकडे, फुटतात. त्या प्रत्येकाच्या टोकाला स्वतंत्र गर्भगृह आणि स्वतंत्र मूर्ती. मुख्य मार्गात ठराविक अंतरावर दारे बसविलेली होती, असे जुन्या पाहणीकारांनी नोंदविले आहे.

ही रचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे, कारण ती महाराष्ट्रातील नेहमीच्या रचनांहून वेगळी आहे. कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांची कमान आणि स्तूप येथे नाही. अजिंठ्याच्या विहारांप्रमाणे मधला चौक व भोवती भिक्खूंच्या खोल्या येथे नाहीत. येथे आहे तो केवळ मार्ग आणि मार्गाच्या शेवटी तथागतांची मूर्ती, तीन दिशांना तीन वेळा. उपासक उजेडाकडून काळोखाकडे चालत जातो, एकामागून एक दारे ओलांडतो आणि दिव्याच्या प्रकाशात शेवटी मूर्तीसमोर येतो. ज्या माणसाने ही योजना आखली त्याला या चालण्याचा परिणाम ठाऊक होता. ही वास्तू भुयारासारखी दिसते खरी, पण भुयाराला दुसरे तोंड असते. येथे तिन्ही मार्गांची अखेर मूर्तीत होते. त्यांना पुढे कोठेही जायचे नाही.

या लेण्याच्या काळाविषयी पुष्कळ लोक निःशंकपणे सातवाहनांचे नाव घेतात. आम्हांस हे मत मान्य करणे कठीण वाटते. गर्भगृहात आसनस्थ भव्य बुद्धमूर्ती ही कल्पना महाराष्ट्राच्या लेण्यांत वाकाटककाळी, म्हणजे इ. स.च्या पाचव्या शतकात, अजिंठ्याच्या उत्तर टप्प्यात रूढ झाली. त्याआधीच्या लेण्यांत पूज्यस्थान स्तूपाचे होते. तेव्हा मूर्ती मूळ योजनेचाच भाग असतील, आणि तिन्ही मार्गांची आखणी पाहता त्या तशा वाटतात, तर हे लेणे सातवाहनांहून बरेच अलीकडचे ठरते. त्यामुळे त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. पाचव्या-सहाव्या शतकानंतरही या वनप्रदेशात संघाला दाते होते, एवढा त्याचा अर्थ.

'विजासन' या नावाची व्युत्पत्ती 'विज्जा' आणि 'आसन' अशी लावण्याचा मोह पाली जाणणाऱ्याला होणे स्वाभाविक आहे. परंतु १८७०च्या आसपासच्या सरकारी नोंदींत या स्थळाचे नाव 'विंजबासनी' असे येते. ते विंध्यवासिनीचे लोकरूप आहे यात शंका नाही. नाव देवीचे, मूर्ती बुद्धाची. एखाद्या स्थळावरून संघ उठून गेला की तेथे नंतर आलेली श्रद्धा आपले नाव ठेवते. ही गोष्ट भारतभर घडली आहे. विजासनला ती नावात गोठून राहिली आहे. नाव पालीत ओढून बसविण्यापेक्षा ते बदलले कसे हे सांगणे इतिहासाला अधिक धरून होईल.

भांदकचा पहिला तपशीलवार आधुनिक परामर्श मेजर लूसी स्मिथ यांच्या १८६९च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात येतो. त्यानंतर १८७३-७४च्या सुमारास जनरल कनिंगहॅम येथे येऊन गेले. त्यांना येथे ओढून आणणारी गोष्ट होती ह्यु-एन-त्संगचे प्रवासवर्णन. हा महान चिनी भिक्खू इ. स. ६३९च्या सुमारास कलिंगातून वायव्येकडे १,८०० ली चालून कोसल देशात, म्हणजे दक्षिण कोसलात, आला. तेथील राजा क्षत्रिय असून बुद्धधम्माचा आदर करणारा होता. राजधानीचा घेर ४० ली. सुमारे शंभर संघाराम आणि दहा हजारांहून थोडे कमी भिक्खू, सर्व महायानी. देवांची मंदिरे सुमारे ७०. कनिंगहॅम यांनी आरंभी ही राजधानी चांदा येथे मानली. फर्ग्युसन यांनी वैरागड आणि भांदक ही दोन्ही स्थाने विचारात घेऊन वैरागडला पसंती दिली. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. हिऱ्यांच्या जुन्या खाणींसाठी ते आइन-ए-अकबरीच्या काळापासून प्रसिद्ध आहे, आणि तेथील खाणींच्या खड्ड्यांनीही भुयारांच्या कथांना खतपाणी घातले असावे.

ह्यु-एन-त्संगच्या वर्णनाचा जो भाग आपल्या विषयाशी सर्वात जवळचा आहे तो याच्या पुढे येतो. राजधानीच्या नैर्ऋत्येस ३०० लीवर एक उंच, एकाकी पर्वत आहे. त्याचे नाव भ्रमरगिरी असे लावले जाते. तेथे सातवाहन राजाने नागार्जुनासाठी डोंगर पोखरून संघाराम निर्माण केला. पाच मजले, प्रत्येक मजल्यावर चार आवार, सोन्याच्या मूर्ती, वरून आणलेले पाणी मजल्यामजल्यांतून खेळविलेले, उजेडासाठी गवाक्षे. कामात राजाचा खजिना रिकामा झाला तेव्हा नागार्जुनाने औषधाच्या थेंबांनी दगडांचे सोने केले, असे तो सांगतो. मजुरांनी खाल्लेल्या मिठाचाच खर्च नऊ कोटी सुवर्णमुद्रा झाला, हाही तपशील तो देतो. मिठाचा हा हिशेब आम्हांस त्या सोन्याच्या चमत्कारापेक्षा अधिक बोलका वाटतो. मोठे खोदकाम म्हणजे हजारो श्रमिकांचे पोट, ही गोष्ट निदान कोणाच्या तरी ध्यानात राहिली होती.

पुढची हकीकत विषण्ण करणारी आहे. भिक्खूंमध्ये कलह माजला. ते न्याय मागण्यास राजाकडे गेले. ही संधी साधून विरोधकांनी संघारामाची नासधूस केली आणि भिक्खूंना पुन्हा आत येता येऊ नये म्हणून वाट भक्कमपणे अडविली. तेव्हापासून तेथे भिक्खू राहत नाहीत. दुरून गुंफा दिसतात, परंतु दार कोठे आहे ते कळत नाही. आत कोणी आजारी पडले आणि वैद्याला न्यावे लागले तर जाताना व येताना त्याचे तोंड झाकतात, म्हणजे त्याला वाट कळू नये.

निषिद्ध भुयाराची याहून जुनी व याहून अर्थपूर्ण कथा मध्य भारतात आम्हांस तरी ठाऊक नाही. ती फाहियाननेही दोन शतके आधी, निराळ्या रूपात, ऐकली होती. दक्षिण देशात कातळात कोरलेला पाच मजली विहार आहे. तळाचा मजला हत्तीच्या आकाराचा, मग सिंह, घोडा, बैल आणि सर्वात वरचा पारव्याच्या आकाराचा. त्यावरून त्याला पारावत विहार म्हणतात, असे तो लिहितो. 'पर्वत' या शब्दाचे ऐकणाऱ्याच्या कानी 'पारावत' झाले असावे असा तर्क पूर्वीच्या विद्वानांनी केला आहे, व तो आम्हांस ग्राह्य वाटतो. फाहियान स्वतः तेथे गेला नव्हता. रस्ते बिकट होते, म्हणून त्याने स्थानिकांच्या तोंडून ऐकलेले लिहून ठेवले. पंधराशे वर्षांपूर्वीही या प्रदेशातील लेण्यांविषयी ऐकीव माहितीच अधिक प्रवास करीत होती!

मग विजासन म्हणजेच हा नागार्जुनाचा संघाराम काय? आपल्या काही लेखकांनी तसे ठामपणे लिहिले आहे. आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याची कारणे साधी आहेत. विजासनला एकच मजला आहे, पाच नाहीत. भांदक ही राजधानी मानली तर संघाराम तेथून ३०० ली दूर हवा, दीड मैलावर नव्हे. भांदक ही राजधानी नसेल, तर मग या समीकरणाचा पायाच निखळतो. आज बहुसंख्य संशोधक दक्षिण कोसलाची राजधानी छत्तीसगडमधील सिरपूर येथे मानतात. तेथे उत्खननांत मिळालेले विहार, बुद्धमूर्ती आणि आनंदप्रभू भिक्षूचा शिलालेख त्या मताला बळ देतात. नागपूरच्या वस्तुसंग्रहालयातील भवदेव रणकेसरीच्या शिलालेखाची गोष्टही अशीच आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा पुत्र प्रासादाच्या माथ्यावरून पडून मरण पावला. त्या शोकातून राजाने बुद्धमंदिर उभारले, आणि पुढे भवदेवाने त्याचा जीर्णोद्धार केला, असे हा लेख सांगतो. पुष्कळ वर्षे तो 'भांदकचा लेख' म्हणून उद्धृत होत राहिला. नंतर संशोधकांनी तो मूळचा छत्तीसगडमधील आरंगचा असल्याचे मत मांडले, आणि ते आता सामान्यतः स्वीकारले गेले आहे. तरीही भांदकवरील लेखनात तो आजही भांदकचा म्हणूनच येतो. हे थांबले पाहिजे.

कारण या प्रदेशाच्या बौद्ध इतिहासाला उसन्या पुराव्याची गरजच नाही. नागभीड तालुक्यातील देवटेकची शिळा घ्या. तिच्यावरील जुना ब्राह्मी लेख अशोकाच्या काळातील असून तो प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी राजाज्ञा आहे, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. त्याच शिळेवर पुढे वाकाटक रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला आणि त्यासाठी जुन्या लेखाचा काही भाग छिन्नीखाली गेला, हेही त्यांनीच दाखविले. बराबर टेकडीवरील गुंफांत 'आजीविक' हे नाव कोणीतरी खरवडून टाकले, त्याचीच आठवण होते. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पवनी येथे १९६९-७०मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ व चांडकापूर या टेकाडांखाली मौर्य-शुंगकालीन स्तूप निघाले, आणि तेथील एका शिल्पस्तंभावर मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आढळले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीच्या दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना बाबासाहेबांनी बुद्धधम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा उल्लेख केला होता. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांदा येथे त्यांच्या हस्ते दुसरा दीक्षासमारंभ झाला. पवनीचा मुचलिंद त्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी जमिनीतून वर आला. खोदकामाने मिळालेला पुरावा असा असतो. तो मोजता येतो, वाचता येतो, दुसऱ्याला दाखविता येतो.

आता चंद्रपूर शहराखालच्या भुयारांविषयी थोडे. खांडक्या बल्लाळशहाने वसविलेल्या या नगराच्या परकोटाला जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा अशी चार दारे व पाच खिडक्या आहेत. संकटकाळी राजाने निसटण्यासाठी भुयार ठेवले होते, असे म्हणतात. देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अशी रचना असू शकते हे पटेल. पण ती अखंड कातळात, थोड्या अंतराची आणि शत्रूला अडविण्यासाठी केलेली आहे. मे १८१८मध्ये इंग्रजांच्या फौजेने चंद्रपूरला वेढा घातला, तोफांनी तट फोडला आणि शहर घेतले. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. पळून जाण्याचे भुयार असते तर त्या दिवसाइतकी त्याची गरज कधीच भासली नसती. जमिनीखाली काहीच नव्हते असे मात्र नाही. रामाला तलावाचे पाणी गोंडकाळात भूमिगत नळांनी शहरात आणलेले होते. कोठे पाया खणताना अशी पोकळी लागली की भुयाराची बातमी पसरणे साहजिकच आहे. पाणी वाहून नेणाऱ्या नळाला पालीत उम्मग्गच म्हणता येईल, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

परंतु या जिल्ह्याखाली खरोखर मैलोगणती पसरलेली भुयारे आहेत, ती कोळशाची. वरोऱ्याला १८७०च्या दशकात खाण सुरू झाली. पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्घुस, माजरी या पट्ट्यात जमिनीखाली बोगदे वाढतच गेले. भद्रावतीच्या आसमंतातही खाणी आहेत. या बोगद्यांविषयी कोणी वरातीच्या कथा सांगत नाही, कारण त्यांत उतरणारी माणसे आपल्याच वस्त्यांतली होती आणि आहेत. ऑगस्ट २०२२मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीशी त्याचा संबंध जोडला गेला आणि आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. गमतीने 'शहराखाली भुयार आहे' म्हणणाऱ्याने हे वाक्य एकदा त्या वॉर्डात उभे राहून म्हणावे.

विजासनच्या संदर्भात याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. येथला वाळूखडक सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा टणक नाही. पाणी मुरते, कण सुटतात, भिंती झिजतात. अशा लेण्यात गुप्तधनाच्या आशेने पहार चालविणारा आणि 'पुढचा मार्ग सरकारने बुजविला आहे' असे समजून श्रद्धेने भिंत खरवडणारा, दोघेही त्याच भिंतीचे नुकसान करतात. ज्या बुजलेल्या पोकळ्या या जिल्ह्यात अन्यत्र आहेत त्यांत शिरण्याचे साहस तरुणांनी करू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बंद जागेत साचलेल्या वायूला वास नसतो, आणि दिवा मंदावेपर्यंत आत गेलेल्या माणसाला परतण्याइतके बळ पुष्कळदा उरत नाही. न परतलेल्या वरातीच्या कथांमागे अशा एखाद्या दुर्घटनेची स्मृती असू शकेल.

काम करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी पहारीची गरज नाही. विजासनच्या तिन्ही मार्गांचे आजच्या साधनांनी अचूक मोजमाप, दारांच्या खोबणींची आरेखने, भिंतींवरील छिन्नीच्या खुणांची छायाचित्रे आणि मूर्तींच्या मुद्रांचा अजिंठा व औरंगाबाद लेण्यांतील मूर्तींशी तौलनिक अभ्यास, एवढे झाले तरी काळाचा प्रश्न बराच सुटेल. दोन बाजूंचे मार्ग मुख्य मार्गाबरोबरच कोरले की मागाहून, हे सांध्यांवरील छिन्नीच्या दिशेवरून कळू शकते. घुग्घुस येथील लेणी, देवाळा टेकडीवरील अवशेष आणि भांदकजवळ गवराळ्याला 'जोबनासाचा वाडा' म्हणून ओळखली जाणारी शैलवास्तू यांच्याशी विजासनचे नाते काय, हेही तपासले पाहिजे. जोबनास म्हणजे जैमिनीय अश्वमेधातला भद्रावतीचा राजा यौवनाश्व. त्या कथेने या साऱ्या परिसरावर आपले नाव चढविले आहे, आणि तिच्याखाली कोणते जुने थर आहेत ते अजून नीट वाचले गेलेले नाहीत. बल्लारपूरच्या खाली वर्धा नदीच्या पात्रात खडकात कोरलेले एक मंदिर आहे. वर्षातील काही महिने ते पाण्याखाली असते. त्याच्या पाहणीला उन्हाळ्याचे दिवस सोयीचे. विजासनची मोजमापे मात्र पावसाळा संपल्याबरोबर घ्यावीत, म्हणजे पाणी कोणत्या भेगेतून पाझरते तेही त्याच वेळी नोंदविता येईल.